वेस्टटांगेंटे, बर्लिन

वेस्टटांगेंटे : पश्चिम बर्लिनमध्ये स्टेग्लिट्झपासून शोनेबर्ग, टियरगार्टन आणि मोआबिटमार्गे वेडिंगकडे दक्षिणोत्तर नेण्याचा नियोजित शहरी ऑटोबान. नावाचा अर्थ ‘पश्चिम स्पर्शिका’. १९६५च्या विकास आराखड्यात तो ठळक रेषेने दाखवला होता. १९८०च्या दशकात तो सोडून देण्यात आला. दक्षिण टोकाचा, शोनेबर्ग ते स्टेग्लिट्झ हा सुमारे ४ किमी.चा तुकडा तेवढा बांधून झाला. तो आज ए १०३ या क्रमांकाने ओळखला जातो. न झालेल्या रस्त्याला कोशात जागा देण्याचे कारण असे, की बर्लिनच्या आजच्या नकाशावर प्रत्यक्षात झालेल्या कित्येक रस्त्यांपेक्षा याचा ठसा अधिक खोल उमटला आहे.

कल्पनेचे मूळ : दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनचा मध्यभाग जवळजवळ जमीनदोस्त झाला होता, आणि नगररचनाकारांना ती आपत्तीइतकीच संधीही वाटत होती. वास्तुरचनाकार हान्स शारून तेव्हा शहराच्या बांधकाम खात्याचा प्रमुख होता. १९४६मध्ये त्याच्या गटाने ‘कोलेक्टिव्हप्लान’ म्हणून ओळखला जाणारा आराखडा प्रदर्शनात मांडला. जुनी दाट वस्ती विसरून स्प्रे नदीच्या खोऱ्याच्या कडेने पट्ट्यापट्ट्यांचे शहर वसवायचे आणि त्यावर द्रुतगती रस्त्यांची आडवी-उभी जाळी टाकायची, असा त्याचा गाभा होता. आराखडा कागदावरच राहिला, पण शहराच्या मधून मोटारींसाठी अखंड वाट काढण्याची कल्पना पुढच्या प्रत्येक आराखड्यात या ना त्या रूपात टिकून राहिली. शारूनचे नाव या नोंदीत पुन्हा येईल, आणि तेही उलट बाजूने.

१९६५च्या आराखड्याने या कल्पनेला ठाशीव आकार दिला. शहराभोवती एक वर्तुळमार्ग, आणि वर्तुळाच्या आत मध्यभागाच्या चार बाजूंना घासून जाणाऱ्या चार स्पर्शिका, म्हणजे पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण. वर्तुळमार्गाचे काम १९५६मध्ये सुरू झाले होते आणि पहिला टप्पा १९५८मध्ये खुला झाला होता. १९५५ ते १९७२ अशी सतरा वर्षे पश्चिम बर्लिनचे बांधकाम खाते सांभाळणारा रोल्फ श्वेडलर हा या धोरणाचा खंदा कर्ता. शहराचा एकूण कलही त्याच दिशेचा होता. पश्चिम बर्लिनमधली शेवटची ट्राम १९६७मध्ये बंद झाली. उपनगरी रेल्वे पूर्व जर्मनीच्या राइशबानकडे असल्यामुळे बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर पश्चिमेकडच्या लोकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. भुयारी रेल्वे, बस आणि मोटार एवढेच पर्याय उरले, आणि त्यांत मोटार म्हणजे आधुनिकता हे समीकरण पक्के बसले होते.

भिंतीपलीकडचा चौकोन : या आराखड्यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे तो अस्तित्वात नसलेल्या शहरासाठी काढला होता. भिंत १९६१मध्ये उभी राहिली, आराखडा १९६५चा. तरीही चार स्पर्शिकांचा चौकोन ज्या मध्यभागाला कवेत घेणार होता, त्याचा मोठा हिस्सा भिंतीच्या पलीकडे, पूर्व बर्लिनमध्ये होता. यात वेडेपणा नव्हता, राजकारण होते. फाळणी तात्पुरती आहे ही पश्चिम जर्मनीची अधिकृत भूमिका होती. अर्ध्या शहरापुरता आराखडा करणे म्हणजे ती फाळणी मान्य करणे. त्यामुळे पूर्वेकडे जाणारे रस्ते भिंतीच्या दिशेने धावत जाऊन कागदावर पुढे सरकत, प्रत्यक्षात मात्र तिथेच थांबणार होते. वाहतुकीच्या हिशेबाने पाहिले तर भिंतीने कोंडलेल्या, वीसबावीस लाख वस्तीच्या शहराला मध्यातून चार द्रुतगती मार्गांची गरज कितपत होती, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. तो अधिकृत पातळीवर विचारला गेला तो बराच उशिरा.

मार्ग : चौघींपैकी वेस्टटांगेंटे ही सर्वांत व्यवहार्य मानली गेली, कारण ती जवळजवळ पूर्ण पश्चिम बर्लिनच्या हद्दीत बसत होती. दुसरे कारण जमिनीचे. शोनेबर्गपासून पोट्सडामर प्लाट्झपर्यंत रेल्वेचे रूळ, यार्डे आणि मालधक्के यांचा एक लांबच लांब पट्टा होता. युद्धानंतर आनहाल्टर आणि पोट्सडामर ही दोन्ही मोठी स्थानके बंद पडली होती आणि त्यांच्यामागची जमीन ओसाड होती. नगररचनाकाराच्या नजरेला ही आयती वाट. अडचण अशी, की मित्रराष्ट्रांच्या व्यवस्थेनुसार संपूर्ण बर्लिनमधली रेल्वे राइशबान चालवत असे. म्हणजे पश्चिम बर्लिनच्या ऐन मध्यावरच्या या जमिनीवर पूर्व जर्मन सरकारी संस्थेचा हात होता. पोट्सडामर स्थानकाच्या परिसरातली सुमारे साडेआठ हेक्टर जमीन पश्चिम बर्लिनने १९७२मध्ये पूर्व जर्मनीकडून ३.१ कोटी मार्कांना घेतली. बाकीच्या जमिनीचा गुंता सुटला नाही. यॉर्कश्ट्रासेवरचे जुने लोखंडी रेल्वे पूल आणि ग्लाइसड्राइएकचा रुळांमधला मोकळा पट्टा यांच्यावर माणसांऐवजी बर्च, रॉबिनिया आणि रानगवत यांनी ताबा मिळवला. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात हर्बर्ट झुकोप यांच्या पुढाकाराने अशा पडीक शहरी जमिनींचा वनस्पतीशास्त्रीय अभ्यास सुरू झाला आणि ‘शहरी परिसंस्थाशास्त्र’ ही अभ्यासशाखा उभी राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

रेषेचे परिणाम : रस्ता होण्याआधी त्याची आखणी काम करू लागते. घरावर किंवा जमिनीवर आरक्षण पडले की काय होते, हे विकास आराखड्याच्या झळा सोसलेल्या कोणत्याही शहरातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बर्लिनमध्ये याचे दोन नमुने आजही उभे आहेत.

पहिला राज्य ग्रंथालयाचा. पोट्सडामरश्ट्रासेवरच्या या भव्य इमारतीचा आराखडा शारूनचाच. काम १९६७मध्ये सुरू झाले, १९७२मध्ये शारून वारला, आणि एडगर विस्निएव्हस्की याच्या देखरेखीखाली इमारत १९७८मध्ये खुली झाली. तिच्या पूर्वेकडून वेस्टटांगेंटे जाणार असे गृहीत धरलेले होते. म्हणून शारूनने प्रवेशद्वार आणि वाचनदालने पश्चिमेकडे, फिलहार्मोनी या संगीतसभागृहाच्या दिशेने उघडली आणि पुस्तकांच्या कोठाराचा उंच, बंद भाग पूर्वेला तटासारखा उभा केला, म्हणजे गाड्यांचा आवाज वाचकांपर्यंत पोहोचू नये. १९४६मध्ये द्रुतगती रस्त्यांची जाळी मांडणाऱ्याच माणसाला वीस वर्षांनी अशा एका रस्त्यापासून वाचकांचे संरक्षण करावे लागले. ऑटोबान आला नाही. भिंत पडल्यावर त्या बाजूला नवा पोट्सडामर प्लाट्झ उभा राहिला आणि त्यातल्या नाट्यगृहाला व चौकाला शेजार मिळाला तो ग्रंथालयाच्या पाठीचा. दोन्हींत वाट काढण्याची चर्चा बर्लिनमध्ये अधूनमधून होते.

दुसरा नमुना क्रॉइझबर्गचा. इथे वेस्टटांगेंटे नव्हे तर तिची बहीण, दक्षिण स्पर्शिका, जाणार होती आणि ओरानियनप्लाट्झ या जुन्या चौकावर दोन ऑटोबानांचे छेदस्थान होणार होते. १९६३मध्ये जाहीर झालेल्या नागरी पुनर्विकास कार्यक्रमाशी ही योजना जोडली गेली आणि सबंध मोहल्ल्याचे भवितव्य पाडकामाच्या यादीत जाऊन बसले. पाडायच्याच घराची डागडुजी कोण करणार? मालकांनी खर्च थांबवला, जुने भाडेकरू निघून गेले, आणि रिकाम्या जागा तुर्कस्तानातून आलेल्या कामगार कुटुंबांना थोड्या मुदतीच्या कराराने दिल्या गेल्या. नंतर विद्यार्थी आले, आणि १९८०च्या आसपास घरे बळकावून स्वतःच दुरुस्त करणारे तरुणही. १९८१मध्ये शहरभर दीडशेहून अधिक घरे अशी ताब्यात घेतलेली होती. क्रॉइझबर्गची आज जगभर मिरवली जाणारी ओळख बऱ्याच अंशी या न झालेल्या रस्त्याच्या छायेत घडली. कोटबुसर टोरवर आडालबेर्टश्ट्रासेला ओलांडून जाणारी ‘नॉयेस क्रॉइझबर्गर त्सेंट्रुम’ ही वक्राकार, दांडगी इमारत १९६९ ते १९७४ दरम्यान बांधली गेली. तिच्या आकारामागचे एक समर्थन असे दिले जाई, की मागून जाणाऱ्या ऑटोबानच्या आवाजाला ती अडवील. आवाज अडवणारी भिंत आली. आवाज करणारा रस्ता आलाच नाही.

विरोध : नोव्हेंबर-डिसेंबर १९७३मध्ये तेलटंचाईमुळे पश्चिम जर्मनीत चार रविवार खासगी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. मोकळ्या रस्त्यांवरून लोक पायी आणि सायकलवर हिंडले. मोटारीशिवाय शहर कसे दिसते हे त्यांनी पहिल्यांदा पाहिले. पुढच्याच वर्षी, १९७४मध्ये, शोनेबर्गमध्ये ‘ब्युर्गरइनिशियाटिव्ह वेस्टटांगेंटे’ ही नागरिक समिती स्थापन झाली. रेल्वेरुळांच्या मध्ये अडकलेल्या ‘शोनेबर्गर इन्झेल’ या कामगार वस्तीला आणि आसपासच्या मोहल्ल्यांना या मार्गाची थेट झळ बसणार होती.

जर्मन कायद्यानुसार महामार्ग बांधण्याआधी त्याचा आराखडा लोकांसमोर ठेवून हरकती मागवाव्या लागतात, त्या ऐकून घ्याव्या लागतात आणि निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येते. समितीने या सगळ्या पायऱ्या नेटाने वापरल्या. पण तिची खरी कामगिरी वेगळी होती. तिने नुसते ‘नको’ म्हटले नाही, तर त्याच जमिनीवर ‘ग्र्युनटांगेंटे’ म्हणजे हिरव्या स्पर्शिकेचा प्रस्ताव मांडला. ऑटोबानसाठी राखलेल्या पट्ट्यावर झाडे, पायवाटा आणि सायकलमार्ग यांची सलग रांग करावी, असे त्यात सुचवले होते. आंदोलनाकडे स्वतःचा नकाशा असला की अधिकाऱ्यांना निदान त्याच्याशी वाद तरी घालावा लागतो. सायकलीला शहरी वाहतुकीत स्थान मिळावे ही मागणी बर्लिनमध्ये सुरुवातीला लावून धरणाऱ्यांमध्ये ही समिती होती.

माघार : वेस्टटांगेंटे रद्द झाल्याची एकच ठळक तारीख सांगता येईल असे नाही, योजना टप्प्याटप्प्याने विरली. क्रॉइझबर्गमधली दक्षिण स्पर्शिका आधी, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातच, बाजूला पडली. १९८१मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला दिलेल्या सरकारी हमीच्या घोटाळ्यात महापौर डीट्रिश श्टोबे यांना पद सोडावे लागले. त्यानंतरच्या निवडणुकीत रिशार्ड फोन वाइत्सेकर यांचे सरकार आले आणि ‘आल्टरनाटिव्ह लिस्टे’ हा पर्यावरणवादी गट पहिल्यांदाच विधिमंडळात पोहोचला. १९८३मध्ये ‘जपून केलेल्या नागरी नूतनीकरणा’ची बारा तत्त्वे मान्य झाली. हार्ट-वाल्टहेर हेमर याच्या पुढाकाराने तयार झालेल्या या तत्त्वांचा आशय इतकाच, की पाडण्याआधी दुरुस्त करावे आणि राहणाऱ्यांना विचारावे. १९८४मध्ये पश्चिमेकडची उपनगरी रेल्वे शहराच्या वाहतूक संस्थेकडे आली. नवीन आराखड्यांतून मध्यभागातले ऑटोबान गळत गेले.

हे सरसकट ऑटोबानविरोधाचे यश होते असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. याच वर्षांत हांबुर्गकडे जाणाऱ्या वाहतुकीसाठी ए १११ टेगेलच्या जंगलातून नेण्यात आला आणि १९८७मध्ये पूर्ण झाला. विल्मर्सडॉर्फमध्ये ए १०४वर तर, १९८० साली पुऱ्या झालेल्या, सहाशे मीटर लांब गृहसंकुलाची इमारतच बांधली गेली. रस्ता तिच्या पोटातून जात असे, आणि तो बोगदा सुरक्षेच्या कारणावरून २०२३मध्ये बंद करण्यात आला. म्हणजे बर्लिनने ऑटोबान टाकला नाही, तो फक्त दाट वस्तीच्या मध्यातून नेणे टाळले.

नंतर : फाळणी संपली आणि ज्या एकसंध शहरासाठी चार स्पर्शिका आखल्या होत्या ते शहर खरोखरच अवतरले. तेव्हा वेस्टटांगेंटेला पुन्हा जीव येतो की काय अशी भीती जुन्या आंदोलकांना वाटली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. लँडवेर कालव्याजवळून टियरगार्टनखाली मध्यवर्ती स्थानकापर्यंत जाणारा २.४ किमी.चा बोगदा २००६मध्ये खुला झाला. जुन्या आखणीच्या बराच जवळून तो जातो. विरोधकांनी त्याला जमिनीखाली गेलेली वेस्टटांगेंटेच म्हटले. पण तो ऑटोबान नव्हे, शहरी रस्ता आहे, आणि दोन्ही टोकांना सिग्नलच्या चौकात येऊन मिळतो.

दक्षिणेकडे मात्र ग्र्युनटांगेंटेचा विजय झाला. पोट्सडामर प्लाट्झच्या बांधकामात झालेल्या निसर्गहानीची भरपाई म्हणून आलेल्या पैशांतून ग्लाइसड्राइएकच्या ओसाड मालधक्क्यांवर सार्वजनिक उद्यान उभे राहिले. पूर्वभाग २०११मध्ये, पश्चिमभाग २०१३मध्ये आणि यॉर्कश्ट्रासेपलीकडचा निमुळता भाग २०१४मध्ये खुला झाला. आराखडा आटेलिए लोईडल या संस्थेचा. जुने रूळ आणि आपोआप वाढलेली झाडी यांचा काही भाग मुद्दाम तसाच ठेवला आहे. आणखी दक्षिणेला, १९५२मध्ये वापरातून गेलेल्या टेम्पेलहोफच्या यार्डावर वाढलेले जंगल २०००मध्ये ‘शोनेबर्गर झ्युडगेलेंडे’ हे निसर्गउद्यान म्हणून खुले झाले.

वर्तुळमार्ग ए १०० मात्र वाढतच राहिला. नॉयकोल्नपासून ट्रेप्टोव्हर पार्कपर्यंतचा ३.२ किमी.चा सोळावा टप्पा ऑगस्ट २०२५मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याचा खर्च ७० कोटी युरोंहून अधिक होता. त्याच वर्षी मार्चमध्ये वर्तुळमार्गाच्या जुन्या भागातला एक पूल तडे गेल्यामुळे बंद करून पाडावा लागला होता. पुढचा, सतरावा टप्पा फ्रिडरिशहाइनच्या दाट वस्तीतून नेण्याचे संघ सरकारच्या आराखड्यात आहे, आणि त्याविरुद्ध बर्लिनमध्ये नव्याने समित्या उभ्या राहिल्या आहेत.