आपल्यात हा कॅन्सर नसतो?

‘मुसलमानांना खालच्या भागाचे कॅन्सर होत नाहीत, खतन्यामुळे.’ हे वाक्य मी राबोडीत ऐकले आहे, मुंब्र्यात ऐकले आहे आणि गेल्या महिन्यात टेंभी नाक्यावर एका मित्राच्या औषधाच्या दुकानातही ऐकले. बोलणारा माणूस शिकलेला होता आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. असे वाक्य हवेतून येत नाही. त्यामागे आपल्याच मुंबईत जमवलेली आकडेवारी आहे आणि ती खरी आहे. पण ती जे सांगत होती त्यापेक्षा आपण बरेच जास्त ऐकले.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, जे पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. खानोलकर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पाहून थांबणारे नव्हते. रुग्ण काय खातो, तंबाखू कशी घेतो, काय नेसतो, कोणत्या जमातीचा आहे, त्यांच्यात कोणते रिवाज आहेत, हे सगळे ते विचारात घेत. मुंबईसारख्या शहरात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती एकाच पाण्यावर आणि हवेवर राहतात, मग त्यांचे कॅन्सर वेगळे का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात दिसलेल्या गोष्टींपैकी एक अशी की, शिश्नाचा कॅन्सर हिंदू पुरुषांच्या तुलनेत मुसलमानांमध्ये फार क्वचित आढळतो. आणि गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्या बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात तो कॅन्सर, मुसलमान आणि पारशी स्त्रियांत हिंदू स्त्रियांपेक्षा कमी दिसतो.

हॉस्पिटलच्या नोंदीत एक उणीव असते. जो दारात आला तोच मोजला जातो. ती उणीव भरून निघाली १९६३ मध्ये. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली. पूर्ण शहराच्या लोकसंख्येवर आधारलेली भारतातली ती पहिली नोंदणी. तिनेही धर्मनिहाय आकडे मांडले आणि चित्र साधारण तेच राहिले.

आपले लोक इथेच थांबतात. पण त्याच तक्त्यातली पारशांची ओळ वाचायला हवी. पारशी पुरुषांत खतना नाही. तरीही पारशी स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर कमी. म्हणजे उशिरा लग्न, कमी बाळंतपणे, शिक्षण, घरात पाण्याची सोय, वेळेवर डॉक्टर, अशा कितीतरी गोष्टी या आकड्यात मिसळलेल्या आहेत. एका ओळीवरून अभिमान बाळगायचा आणि शेजारची ओळ झाकायची, हे आम्ही वर्गात मुलांना करू देत नाही.

आकड्यातून नीतिमत्ता वाचण्याची सवय तशी जुनी आणि सगळ्यांचीच. १८४२ मध्ये इटलीत रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. विवाहित स्त्रियांना होणारा गर्भाशयाचा कॅन्सर जोगिणींमध्ये त्यांना जवळपास दिसला नाही. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे लोक त्यातून चारित्र्याचे धडे काढत राहिले. खरे कारण १९८३ मध्ये हाती लागले. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे एचपीव्हीचा, १६ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला. पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले.

हा व्हायरस चामखिळीच्या घराण्यातला. कातडीला कातडी लागून पसरतो. लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच, एकाच जोडीदाराशी आयुष्यभर प्रामाणिक राहिलेल्यांनाही. बहुतेकांचे शरीर दोन-एक वर्षांत त्याला हुसकावून लावते. थोड्यांच्या शरीरात तो मुक्काम करतो आणि पुष्कळ वर्षांनी तिथे कॅन्सर होऊ शकतो.

आता खतन्याकडे परत येऊ. युगांडातल्या राकाई जिल्ह्यात याची नीट चाचणी झाली आणि २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर खतना केलेल्या पुरुषांपैकी १८ टक्क्यांमध्ये धोकादायक एचपीव्ही सापडला, न केलेल्यांपैकी २७.९ टक्क्यांमध्ये. फायदा आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण १८ टक्के म्हणजे शून्य नव्हे.

शिवाय हे संरक्षण जिथली कातडी गेली तिथल्यापुरतेच. गुदद्वाराच्या आतली नाजूक त्वचा गर्भाशयमुखासारखीच या व्हायरसला बळी पडते आणि तिच्याशी खतन्याचा संबंध नाही. १९९७ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गुदद्वाराच्या गाठींपैकी ८४ टक्क्यांमध्ये धोकादायक एचपीव्ही होता. तिथून थोडे वर, गुदाशयात होणाऱ्या कॅन्सरच्या तपासलेल्या एकाही नमुन्यात तो नव्हता. दोन जागा इतक्या जवळ, पण आजार वेगळा आणि कारणही वेगळे.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही. रुग्णांमध्ये ३२४ स्त्रिया होत्या आणि ९३ पुरुष. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना, विशेषतः एचआयव्ही असलेल्यांना, या कॅन्सरचा धोका सर्वांत जास्त असतो हे खरे आहे. गुदमैथुनाने धोका वाढतो हेही खरे. पण ज्यांनी तसे कधी केले नाही अशा स्त्रियांनाही हा व्हायरस शेजारच्या भागातून तिथे पोचून गाठतो. म्हणून या आजाराच्या नावावरून माणसाच्या आयुष्याचा अंदाज बांधणाऱ्याला ना वैद्यक कळले, ना दीन.

दुकानदार मित्र सांगतो, मूळव्याधीचे मलम मागायला बाई स्वतः क्वचित येते. लहान मुलाच्या हातात जुनी रिकामी ट्यूब देऊन पाठवते, तोंडाने नाव घ्यायला नको म्हणून. लोकलच्या डब्यात ‘बवासीर, भगंदर, फिशर’ची पत्रके चिकटवलेली असतात, तीही हीच शरम ओळखून. माझ्या एका चाचींनी अकरा महिने असे मलम लावले. रक्त जायचे, बसताना दुखायचे, खाज होती. तीन ठिकाणी दाखवले. तिन्ही ठिकाणी त्यांनी बुरख्यातूनच सांगितले आणि तिन्ही ठिकाणी न तपासता चिठ्ठी मिळाली. चौथ्या ठिकाणी एका लेडी सर्जनने हातमोजा घालून बोटाने तपासले. दोन मिनिटे लागली. गाठ तिथेच होती.

चाची आज स्वतःच्या पायाने बाजारात जातात आणि पोटावर पिशवी लावावी लागली नाही. याचे श्रेय डेट्रॉइटच्या नॉर्मन नायग्रो या सर्जनला जाते. त्यांच्या आधी या कॅन्सरवर नेहमीचा मार्ग होता: गुदद्वार काढून टाका आणि मल जायला पोटावर कायमची वाट करा. १९७४ मध्ये नायग्रो यांनी तीन रुग्णांचा वृत्तांत लिहिला. ऑपरेशन सोपे जावे म्हणून आधी किरणोपचार आणि केमोथेरपी दिली होती, आणि नंतर पाहतात तर गाठच उरली नव्हती. त्या तीन माणसांवरून जगभरची पद्धत बदलली. आज बहुतेक रुग्णांना चाकूशिवाय उपचार मिळतात. अर्थात, गाठ किती वाढल्यावर माणूस पोचतो यावर बरेच अवलंबून.

व्हायरसविरुद्धच्या या लढाईत महाराष्ट्राचे एक पान आहे, आणि ते मराठवाड्याच्या सीमेवर लिहिले गेले. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने (होय, आपल्या नर्गिसच्या नावाचे, त्या १९८१ मध्ये कॅन्सरनेच गेल्या) टाटा मेमोरियलसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, एका गटाची काहीच नाही. आठ वर्षांत चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, काहीच न झालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हे छापून आले तेव्हा जगाने दखल घेतली. ज्यांची चाचणीच झाली नाही त्या हजारो बायकांचे काय, हा प्रश्नही उठला, आणि तो रास्त होता.

लसीची कहाणीही अशीच डागासह सांगावी लागते. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या बडोदा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालला. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचे आढळले नाही, पण आश्रमशाळांत पालकांऐवजी अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. गरिबाच्या मुलीची संमती दुसऱ्याने दिली तर अफवांना जमीन मिळणारच. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळेच थांबवले. त्यात दोन डोस पुरतात की तीन लागतात हे तपासणारा एक वेगळा अभ्यासही अडकला. त्याच्या केंद्रांत बार्शी आणि पुणे होते. लस घेतलेल्या १७,७२९ मुलींपैकी ४,९५० जणींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसले की १६ आणि १८ या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग एका डोसनेही जवळपास तितकाच रोखला जातो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलीही आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वावॅक’ या देशी लसीची घोषणा झाली.

पालकसभेत या लसीचा विषय निघाला की मुलींच्याच आया ऐकतात. मुलांचे वडील मोबाइल काढतात. या प्रकारची लस गुदद्वाराच्या कॅन्सरपासूनही वाचवते म्हणून अमेरिकेने डिसेंबर २०१० मध्येच तिला मुलगे आणि मुली दोघांसाठी मान्यता दिली होती. लस संसर्गाआधी घेतली तरच पुरती उपयोगी, म्हणून ९ ते १४ हे वय सांगतात. ज्यांचे वय गेले त्यांच्यासाठी तपासणी आहे.

हया आपल्या ईमानाचा भाग आहे असे आपण मुलांना शिकवतो. त्याच परंपरेत हजरत आयेशांनी मदिनेच्या अन्सार स्त्रियांचे कौतुक केल्याचेही येते, कारण दीन समजून घेताना त्यांची हया त्यांच्या आड आली नाही. तेव्हा शौचावाटे रक्त जात असेल, तिथे गाठ लागत असेल, दोन-तीन आठवडे मलम लावूनही दुखणे जात नसेल, तर सिव्हिलचे असो की आणखी कुठले, सर्जरीच्या ओपीडीत जा. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसे सांगा, सोबत घरातली बाई न्या. आणि डॉक्टर न तपासता चिठ्ठी लिहू लागले तर एवढेच म्हणा: डॉक्टर, आधी तपासून बघा.