पाण्यातली गाठ

निरगाठ आणि सुरगाठ हे शब्द आपल्या घरात नेहमी कानी पडतात. पण दोन दोऱ्या जोडणारी, पाण्यात न सुटणारी आणि माशाच्याही नजरेत न भरणारी गाठ कशी मारावी, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय? खोट्या माशीने मासे धरणाऱ्या युरोपातल्या मंडळींना तो शतकानुशतके पडत आला, आणि दोऱ्याचा जिन्नस बदलला की त्याचे उत्तरही बदलत गेले.

खोटी माशी म्हणजे गळाला लोकर व पिसे गुंडाळून केलेला किडा. मॅसिडोनियात तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे वापरून असा गळ करीत, असे ईलियनने इ. स. 200 च्या सुमारास लिहून ठेवले आहे. या माशीला वजन असे नसतेच. पुढे लांब दोरीने ती फेकू लागले, तेव्हा फेक साधायची ती दोरीच्याच वजनावर. म्हणून दोरी हाताकडे जाड आणि गळाकडे बारीक हवी. अशी निमुळती दोरी अखंड कोठून मिळणार? तुकडे जोडणे आले, म्हणजे गाठ आली. आणि दोरी तुटते ती बहुधा गाठीपाशीच. तेवढी एक गाठ फसली की हाती आलेला मासा गेलाच!

इंग्लंडात ही दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. 1496 साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवर एक निबंध छापला. तो ज्युलियाना बर्नर्स या बाईंचा, असे परंपरेने सांगतात. केस रंगवावे कसे, पीळ द्यावा कसा, हे त्यात आहे. आणि तुकडे जोडायला एक ‘पाणगाठ’ही सांगितली आहे. पाणगाठीची रीत साधी. दोन टोके एकमेकांशेजारी धरायची, दोन्ही मिळून एक फास करायचा, त्यातून ती दोन-तीनदा ओवायची आणि आवळायचे. 1676 मध्ये चार्ल्स कॉटनने आयझॅक वॉल्टनच्या ‘द कंप्लीट अँग्लर’ला माशीच्या मासेमारीचा भाग जोडला, तेव्हाही केसांचीच दोरी चालू होती.

पुढे रेशीम आले. पण कोशाचे नव्हे. कोश विणायच्या बेतात असलेला किडा शिरक्यात भिजवीत, त्याच्या पोटातल्या रेशमाच्या ग्रंथी काढीत आणि हाताने ताणून त्यांची तार करीत. स्पेनमधला मुर्सिया प्रांत या धंद्यासाठी नावाजलेला होता. तार पाण्यात दिसत नसे हे खरे, पण तिची लांबी फूट-दीड फूट. म्हणजे नऊ फुटांच्या दोरीत पाच ते आठ गाठी! शिवाय कोरडी तार ठिसूळ; भिजवून मऊ केल्यावाचून गाठ मारली की ती तुटलीच म्हणून समजा.

1938 साली ड्यू पाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले. हवा तेवढा लांब, अखंड धागा मिळू लागला आणि मुर्सियातला तो धंदा बसला. पण नायलॉन पडले निसरडे! रेशमात टिकणाऱ्या काही गाठी त्यात घसरू लागल्या. 1947 साली स्टॅन्ली बार्न्सने एक पुस्तकच लिहिले, त्याचा विषय रेशमाच्या आणि नायलॉनच्या तारेतल्या गाठी. आपल्या किनाऱ्यावरही सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली आहे. तेथेही साधी गाठ सरकते, म्हणून दुहेरी गाठ घालावी लागते.

दोऱ्या जोडायला जी गाठ नायलॉनमध्येही टिकली, तिला इंग्रजीत ‘रक्ताची गाठ’ किंवा ‘पिंपाची गाठ’ म्हणतात. करून पाहा. साधारण सारख्या जाडीचे दोन तुकडे घ्या. त्यांची टोके एकमेकांवरून उलट दिशांना जाऊ द्या. एका टोकाचे दुसऱ्या धाग्याभोवती चार-पाच वेढे घ्या आणि ते टोक मागे आणून दोन धाग्यांच्या मधून काढा. दुसऱ्या टोकाचेही तसेच करा. मात्र ते मधल्या फटीतून उलट बाजूने आले पाहिजे. आता गाठ ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाने तापून नायलॉन कमजोर होते. मग हलके हलके ओढा. ताण एका जागी न पडता वेढ्यावेढ्यांत वाटला जातो, म्हणून ती धरते. शेजारीच नायलॉनच्या दुसऱ्या दोन तुकड्यांना आपली नेहमीची निरगाठ मारा आणि दोन्ही ओढून बघा. फरक हाताला आपोआप कळेल.