टाचेखालची मऊ चप्पल आली कुठून?

आजचा भाग टाचेबद्दल आहे. हसू नका, इतिहासाचाच भाग आहे.

मी राहतो नागपूरच्या दक्षिणेला, बेसा भागात. गाव कमी, फ्लॅट स्कीम जास्त. घरोघरी गुळगुळीत टाइल्स आणि त्यावर अनवाणी पाय. इथे चपलांच्या दुकानात म्हणून बघा, "भाऊ, सकाळी पलंगावरून उतरलं की टाच टेकवत नाही." बहुतेक वेळा एक मऊ चप्पल पुढे येते. "एमसीआर घ्या, आराम पडेल."

दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत 'वातकंटक' येतो, म्हणजे पाऊल वेडंवाकडं पडल्याने घोट्या-टाचेपाशी उठणारी कळ. आजचे डॉक्टर टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं सांगतात, त्याला प्लांटार फॅशिआयटिस म्हणतात. रात्रभर आखडलेला पट्टा पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून सकाळची कळ सगळ्यात वाईट.

पण एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, या दुखण्यासाठी आलंच नव्हतं. ते आलं ज्यांना दुखतच नाही अशा लोकांसाठी.

1946 साली पॉल ब्रँड नावाचे सर्जन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. जन्म तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरातला, 1914 चा. आपल्या हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांचंही जन्मसाल तेच! तेव्हा लोकांना वाटायचं, कुष्ठरोग्याचं मांस आपोआप सडतं. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोग नसा मारतो आणि संवेदना जाते. मग पायात खिळा घुसला तरी कळत नाही. माणूस त्याच जागेवर भार देत चालत राहतो आणि जखम वाढत जाते. तुम्ही-आम्ही दुखलं की लंगडतो. ते लंगडणंच पाय वाचवतं.

मग पाय वाचवायचा कसा? भार पसरवून. बारीक बारीक हवेच्या कप्प्यांचं रबर, मऊ पण लगेच चपटं न होणारं. खाली कडक तळ, म्हणजे काटा आत येणार नाही. आणि चपलेत खिळा एकही नाही. सगळं शिवून, चिकटवून.

विदर्भाला हे परकं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठसेवा सुरू केली. वरोऱ्याला बाबांचं आनंदवन 1949 चं. पुढे सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातूनही या चपला फुकट मिळू लागल्या. पण गंमत बघा, गंमत कसली, वाईटच ते. त्या ठरावीक चपलांवरून गाव माणूस ओळखायचं. "त्याला ते आहे बरं का." म्हणून कित्येकांनी पायाला जखम चालेल पण ही चप्पल नको असं ठरवलं. शेवटी साध्या चपलांसारखे डिझाइन करावे लागले.

आज तेच रबर 'ऑर्थो' नाव लावून शोकेसमध्ये बसलंय. चप्पल बदलली नाही, फक्त घालणाऱ्याकडे बघायची नजर बदलली. ही गोष्ट मला फार टोचते.

आता कामाचं. महागडा, मापाचा इनसोल घ्यायचा का? 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 135 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी तयार आणि मापाचे, दोन्ही इनसोल घालणाऱ्यांचं चालणं-फिरणं थोडं सुधारलेलं होतं, आणि त्या दोघांत खास फरक नव्हता. वर्षभराने तर नुसता पातळ फोम घालणारेही त्यांच्याच बरोबरीला आले. म्हणजे आधी साधा घ्या. सोबत पोटरी आणि तळव्याचा ताण देणारा व्यायाम करा, घरातही चप्पल घाला. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका. तसं हाड असलेल्या अनेकांना काहीच दुखत नाही.

आणि घरात कुणाला डायबिटीस असेल, तर आज रात्री त्यांचे तळवे बघा. तिथेही नसा बधिर होतात आणि जखम गुपचूप वाढते. तळवा बधिर वाटला किंवा जखम दिसली, तर दुकानाआधी डॉक्टर.

टाच ठणकली की वैताग येतो, मान्य. पण ठणका म्हणजे नस जिवंत असल्याची खूण आहे. भेटू पुढच्या भागात!