चौऱ्याऐंशी लक्ष योनी आणि ‘उत्क्रांती’

उज्जैनच्या चौऱ्याऐंशी महादेवांची यात्रा आपल्यापैकी कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांनी केलेली आहे. अगस्त्येश्वरापासून आरंभ करायचा आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकवायचा, ही त्यामागची श्रद्धा. नऊ लक्ष जलचर, दहा लक्ष पक्षी, अकरा लक्ष कृमी, ही गणना आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून डार्विनचे नाव निघाले की ‘हे आपल्याकडे आधीच होते’ असे कोणीतरी म्हणतेच. आम्हांला ते पटत नाही. या गणनेत जीव एका योनीतून दुसरीत जातो. योनी मात्र जागच्या जागी राहतात. मासा तो मासाच.

युरोपातही फार काळ जाती स्थिरच मानल्या जात. १८०९ मध्ये फ्रान्सच्या लामार्कने जातीच हळूहळू पालटतात असे मांडले. वापराने अवयव वाढतो आणि ती वाढ संततीत उतरते, हे त्याने दिलेले कारण पुढे टिकले नाही. प्रश्न मात्र टिकला. १८५८ साली डार्विन आणि वॉलेस यांनी उत्तर दिले: प्रत्येक पिढीत लहानसहान फरक असतातच, परिस्थितीला तोंड देऊन जे तगतात, त्यांचे गुण पुढे जातात.

हा विचार मराठीत तोलून मांडणाऱ्यांत लोकमान्य टिळक होते, हे गणेशोत्सवात त्यांचे स्मरण करताना सहसा कोणी सांगत नाही. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कपिलांच्या सांख्यशास्त्राशेजारी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल याचे मत ठेवलेले आहे. एका मूळ द्रव्यातून क्रमाक्रमाने गुणांचा विस्तार होतो, हे दोघांतले साम्य टिळक मोकळेपणी मान्य करतात. चैतन्यही जडातूनच निघते, हे हेकेलचे म्हणणे मात्र ते नाकारतात. (ही प्रकरणे घरोघरी न वाचताच उलटली जातात, असा आमचा संशय आहे.)

‘उत्क्रांती’ या शब्दालाही त्यांची हरकत होती. संस्कृतात त्याचा अर्थ प्राणाने देह सोडून जाणे, म्हणजे मरण. त्यांना ‘गुणोत्कर्ष’, ‘गुणविकास’ हे शब्द अधिक योग्य वाटत. मराठीने त्यांचे ऐकले नाही. जीवाच्या प्रयाणाचा शब्द जातींच्या बदलाला चिकटला तो चिकटलाच. येथील हिंदी शाळांत आपली मुले ‘जैव विकास’ शिकतात, तो शब्द टिळकांच्या शब्दाला अधिक जवळचा आहे.