कोणती एम. जी. घ्यावी?

दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालणाऱ्या आपल्या घरांना ‘एम. जी.’ ही दोन अक्षरे आता परकी राहिलेली नाहीत. २०१९ सालापासून त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हालोल येथे तयार होतात आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर रोज दिसतात. नाव इंग्रजी, नावाची मालकी चिनी आणि घडण गुजरातेतली! पण ज्या अष्टकोनी मुद्रेत ही अक्षरे बसविली आहेत, ती मुद्रा शंभर वर्षांची आहे, आणि तिची कीर्ती झाली ती या ऐसपैस कुटुंबवत्सल गाड्यांमुळे नव्हे. ती झाली दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या, बुटक्या आणि चपळ गाड्यांमुळे. इंग्लंडात त्या अजून धावतात, विकल्या जातात आणि हौशी लोक त्या जिवापाड सांभाळतात.

इंग्लंडातल्या नोकरीची वर्षे पुरी करून निवृत्त झाल्यावर अशी एक जुनी गाडी घ्यावी असे मीही ठरविले. बाजूला काढलेली रक्कम बेताचीच होती. त्यामुळे ‘आवडेल ती घेऊ’ असे म्हणण्याची सोय नव्हती. कोणते रूप, कोणते साल, याचा खल करता करता मी त्या गाड्यांच्या इतिहासात शिरलो, आणि किमतीच्या तक्त्यांपेक्षा त्या इतिहासानेच मला चांगला सल्ला दिला. तोच येथे वाचकांपुढे ठेवतो.

सायकली दुरुस्त करता करता मोटारींचा कारखानदार झालेला विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डचा. त्याच्या विक्रीच्या आणि दुरुस्तीच्या दुकानांचे नाव ‘मॉरिस गॅरेजेस’. तेथे १९२१ साली सेसिल किंबर नावाचा गृहस्थ नोकरीस लागला आणि पुढच्याच वर्षी तेथला व्यवस्थापक झाला. या माणसाची कल्पना साधी होती. मॉरिसच्या रोजच्या वापरातल्या गाडीचाच सांगाडा घ्यायचा, त्यावर हलकी आणि देखणी बॉडी चढवायची, इंजिन थोडे तेज करायचे आणि सामान्य पगारदाराला परवडेल अशा किमतीत ती विकायची. १९२४ साली अष्टकोनी मुद्रेची नोंदणी झाली. १९२९ साली टेम्स नदीकाठच्या ॲबिंग्डन गावी, एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या जागेत, एम. जी.ने आपला संसार थाटला. चारच वर्षांनी, १९३३ साली, नुव्होलारी या विख्यात इटालियन शर्यतपटूने एम. जी. चालवून अल्स्टरची शर्यत जिंकली.

किंबरचा शेवट मात्र करुण झाला. १९४१ साली वरिष्ठांशी बिनसून त्याला नोकरी सोडावी लागली, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या रेल्वे अपघातात तो वारला. ज्या गाड्यांनी पुढे एम. जी.चे नाव सातासमुद्रापार नेले, त्या त्याला पाहायला मिळाल्या नाहीत. पण घरगुती गाडीच्या सामानातून खेळकर गाडी घडविण्याची त्याची रीत ॲबिंग्डनने शेवटपर्यंत सोडली नाही. आज जुनी एम. जी. घेणाऱ्याला सुटे भाग सहज आणि रास्त दरात मिळतात, त्याचे पुण्य मुळात या रीतीला आहे.

युद्ध संपताच, १९४५ साली, टी. सी. हे रूप आले. युद्धापूर्वीचीच घडण, किंचित रुंद केलेली. लाकडी चौकटीवर ठोकलेले पत्रे, एकोणीस इंची तारांची उंच चाके, १२५० घन सेंटिमीटरचे इंजिन आणि ५४ अश्वशक्ती. लांबट नाक, दोन्ही बाजूंना डौलदार पंखे. चित्रकाराला ‘जुनी स्पोर्ट्स मोटार काढ’ म्हणून सांगितले तर तो बहुधा हीच काढील. १९४९ पर्यंत अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. अमेरिकेत त्यांतल्या दोनएक हजारच गेल्या असतील, पण तिकडच्या तरुणांना त्यांनी वेड लावले. गंमत म्हणजे चाक उजवीकडे, अन् रस्ता मात्र उजव्या बाजूने चालणारा, अशी ती गाडी होती. पुढच्या गाडीला ओलांडायचे तर शेजारी बसलेल्याला विचारल्यावाचून गत्यंतर नव्हते!

येथपासून एम. जी.चे दैव अमेरिकेच्या हाती गेले. युद्धाने कंगाल झालेल्या ब्रिटनला डॉलर हवे होते आणि मोटारी निर्यात करा असा सरकारचा तगादा होता. १९५० साली टी. डी. आली ती अमेरिकन गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवूनच. चाक डावीकडे मिळू लागले, पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा आल्या, सुकाणू हलके झाले, आणि तारांच्या उंच चाकांच्या जागी लहान, पत्र्याची चाके आली. जुने रसिक हळहळले. गाडी मऊ झाली, बाईलवेडी झाली, असे म्हणून त्यांनी नाके मुरडली. पण तीस हजारांच्या आसपास टी. डी. विकल्या गेल्या, आणि चारांतल्या तिनांहून अधिक अमेरिकेत गेल्या. आज त्याच टी. डी.ला लोक ‘अस्सल जुनी’ म्हणून मान देतात.

१९५५ साली आली एम. जी. ए. तिचा देह पाण्याने घासलेल्या गोट्यासारखा गोल, सलग. बाहेरून दाराला मूठसुद्धा नाही. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडते. पुन्हा रसिक हळहळले की ती मोकळी चाके आणि ते पंखे गेले. सात वर्षांत एक लाखाहून अधिक गाड्या झाल्या, आणि त्यांतल्या खुद्द ब्रिटनमध्ये अवघ्या सहा हजारांच्या आसपास राहिल्या. बाकी साऱ्या परदेशी, मुख्यतः अमेरिकेत. आज इंग्लंडात ज्या विकायला दिसतात, त्यांतल्या पुष्कळ समुद्र ओलांडून परत आलेल्या माहेरवाशिणी आहेत, त्या यामुळे.

या ए.शी आपलेही एक नाते आहे. तिचे पहिले इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे. त्याच कुळातले, त्याच मापाचे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरला पुढे बसविण्यात आले. ॲम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय बहीण. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत तयार होत होती. एम. जी.त त्याच इंजिनाला दोन कार्ब्युरेटर आणि थोडा अधिक दाब, एवढाच काय तो फरक. मंत्र्याला सभेला आणि वऱ्हाडाला लग्नाला नेणारे हृदय आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी पोरांना उधळायला लावणारे हृदय ही सख्खी भावंडे होत, हे कळल्यावर मला तरी आनंद झाला. ज्या मिस्त्र्याने आयुष्यभर ॲम्बॅसडर उघडली, त्याला एम. जी. ए.चे झाकण उचलल्यावर काहीच परके वाटू नये.

सप्टेंबर १९६२ मध्ये एम. जी. बी. आली. आता वेगळा सांगाडा राहिला नाही; पत्र्याचा देह हाच सांगाडा. इंजिन त्याच कुळातले, पण १७९८ घन सेंटिमीटरचे आणि ९५ अश्वशक्तीचे. दाराला मूठ आली, वर-खाली होणारी काच आली, सामानाला जागा आली. ‘ही काय स्पोर्ट्स गाडी, हिला तर खिडक्या आहेत!’ अशी तक्रार तेव्हाही झालीच. १९६५ साली इटलीच्या पिनिनफरिनाची मदत घेऊन तिला पक्के छप्पर दिले, मागे उचलायचे दार दिले, ती जी. टी. अठरा वर्षांत उघडी आणि छपराची मिळून पाच लाखांहून अधिक बी झाल्या.

या अठरा वर्षांतले प्रत्येक साल मात्र सारखे नाही, आणि घेणाऱ्याने डोळे उघडावेत ते येथे. १९६४ च्या अखेरीस इंजिनाच्या मुख्य दांड्याला तीनऐवजी पाच बेअरिंगे मिळाली. तो अधिक मजबूत झाला. १९६७ च्या शेवटापर्यंत पहिला गिअर जुन्या पद्धतीचा होता, गाडी चालती असताना घातला की करकरायचा. नंतर तो सुधारला. मग आला सप्टेंबर १९७४. अमेरिकेत नवे कायदे झाले होते. हलक्या धडकेत दिवे शाबूत राहिले पाहिजेत, बम्पर जमिनीपासून अमुक उंचीवर हवा, असे त्यांचे म्हणणे. नवी गाडी काढायला कंपनीजवळ पैसा नव्हता. म्हणून चकचकीत क्रोमची जाळी आणि बम्पर काढून तेथे काळे, जाड, रबरासारखे नाक बसविले, आणि सगळी गाडीच दीड इंच वर उचलली. पैसे वाचविण्याकरिता उघड्या गाडीचा पुढचा तोल सांभाळणारा दांडाही नेहमीच्या सामानातून वगळला. वळणावर ती कलंडल्यासारखी झुकू लागली. रसिक संतापले, आणि या वेळी त्यांच्या रागाला सबळ कारण होते.

पण राग धरणारे पुढचे पान वाचत नाहीत. १९७६ च्या मध्यानंतर ॲबिंग्डनने पुढे आणि मागे, दोन्हीकडे जाड दांडे बसवून ही खोड बरीच दूर केली. आसनामागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची कटकट तर त्याआधीच जाऊन एकच बारा व्होल्टची बॅटरी आली होती. म्हणजे १९७५ ची आणि १९७८ ची, दोघींचे नाक सारखेच काळे, पण चालीत मोठा फरक. बाजार मात्र दोघींना एकाच पारड्यात टाकतो आणि क्रोमच्या बीपेक्षा पुष्कळ कमी किंमत सांगतो.

शेवटाची हकिगत तर मला सर्वांत चटका लावून गेली. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डन गावाने एम. जी.च्या तेथल्या वास्तव्याची पन्नास वर्षे उत्सवाने साजरी केली. उत्सवाच्या पताका उतरल्या नाहीत तोच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. पौंड महाग झाला होता, अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीत तोटा येत होता, असा हिशेब देण्यात आला. मोर्चे निघाले, कारखाना विकत घेण्याचे प्रयत्न झाले. काही उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची बी बाहेर पडली. आपली नोकरी जाणार हे ठाऊक असूनही वर्षभर ज्या हातांनी त्या गाड्या जुळविल्या, त्या हातांच्या या शेवटच्या, काळ्या नाकाच्या गाड्या. त्यांना कुरूप म्हणून हिणवताना निदान एवढे आठवावे.

आता निवडीचे सांगतो. टी. सी. आणि टी. डी. या गाड्या पाहायला लागतात तेवढ्याच सांभाळायलाही लागतात. लाकडी चौकट कुजलेली असली तर मिस्त्रीबरोबर सुतारही गाठावा लागतो. शिवाय आजच्या महामार्गावर ५४ अश्वशक्ती घेऊन मालमोटारींच्या मधे शिरणे धाडसाचे. गावाकडच्या अरुंद रस्त्याने रविवारी फिरायचे असेल तर त्यांच्यासारखी मजा नाही. ए. ही सर्वांत सुंदर, असे माझे मत. पण तिचे सौंदर्य जगाला कळून चुकले आहे आणि किंमतही तशीच आहे. १९५८ ते १९६० मधली तिची ‘ट्विन कॅम’ ही तेज भगिनी तर अवघी दोन हजारांच्या घरात झाली. ती पिस्टन जाळते म्हणून तेव्हाच बदनाम होती. ती श्रीमंतांनी आणि निष्णातांनीच घ्यावी.

उरली बी. तिचा खरा शत्रू गंज. दाराखालच्या उंबऱ्यांतच तिच्या देहाचे बळ असते, आणि ते आतून कुजतात. वरून रंग झकास असतो. म्हणून चुंबक आणि विजेरी घेऊन आधी जमिनीवर आडवे व्हावे, बॉनेट मग उघडावे. इंजिन दुरुस्त होते, गिअर बॉक्स मिळतो. कुजलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. १९८८ पासून मूळ साच्यांवर काढलेले नवे कोरे सांगाडे मिळू लागले ही सोय आहे खरी, पण तो खर्च चांगल्या गाडीच्या किमतीएवढा होतो. दुसरी गोष्ट पेट्रोलची. या इंजिनांची घडण शिशाच्या पेट्रोलची. ते बंद झाले, तेव्हा व्हाल्वच्या बैठका कठीण धातूच्या बसविल्या आहेत काय, ते विचारून घ्यावे.

माझ्या रकमेत दोनच गोष्टी बसत होत्या: दुरुस्तीला आलेली क्रोमची उघडी बी, किंवा ठणठणीत पत्र्याची काळ्या नाकाची १९७८ ची जी. टी. दोन्ही गाड्या एकाच आठवड्यात पाहिल्या. आमच्या सौ. दोन्हींत बसल्या आणि उतरल्या. “त्या लाल गाडीबरोबर तुमचा फोटो छान येईल,” त्या म्हणाल्या, “पण पावसात मला घरी कोण आणणार?” इंग्लंडात या प्रश्नाला फार वजन आहे.

मी जी. टी. घेतली. टी. डी.च्या चाकांवर, ए.च्या गोलाईवर आणि बी.च्या खिडक्यांवर जी टीका झाली ती काळाने पुसून टाकली, तशी काळ्या नाकावरचीही पुसली जाईल की नाही, हे मला सांगता येत नाही. तिची किंमत वाढावी म्हणून मी ती घेतलेलीच नाही. ज्यांना जुनी मोटार, जुनी स्कूटर किंवा आजोबांच्या वेळची ॲम्बॅसडर घ्यावयाची आहे त्यांना एवढेच सांगेन की, आधी ती वस्तू कोणासाठी, कोणत्या अडचणीत आणि कोणत्या साली घडली ते पाहावे. मग लोक जिला एकच गाडी समजतात, तिच्यात चार वेगळ्या गाड्या दिसू लागतात, आणि त्यांतली आपल्या ऐपतीची कोणती हेही कळते. आमची जी. टी. पावसात सुरू होते, दोघांना आणि भाजीच्या पिशव्यांना घेऊन घरी येते, आणि चढणीवर तिचे इंजिन ऐकताना मला अजून ॲम्बॅसडरचा आवाज ओळखू येतो.