वॉचमेन

वॉचमेन : अमेरिकी चित्रकथामालिका (१९८६–८७) व तीवरील त्याच नावाचा चित्रपट (२००९). चित्रकथा पडद्यावर कितपत उतरते, या चाहत्यांच्या वादात हमखास निघणारे उदाहरण. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स, रंगकार जॉन हिगिन्स. प्रकाशक डीसी कॉमिक्स. एकूण १२ अंक.

पृष्ठरचना : बहुतेक पाने तीन ओळींत तीन-तीन, अशा नऊ सारख्या चौकटींवर बेतलेली. दोन-तीन चौकटी जोडून एक केली की तो क्षण लांबतो. एरवी ठेका सुटत नाही. पाचवा अंक आरशासारखा रचला आहे : पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानावर, दुसऱ्याची उपान्त्य पानावर उलटून येते व मधली दोन पाने एकमेकांची प्रतिबिंबे ठरतात. ही रचना पाने मागेपुढे चाळल्यावरच उमगते. वृत्तपत्रांच्या स्टॉलपाशी बसलेला एक मुलगा समुद्री चाच्यांची चित्रकथा वाचतो. तिचा मजकूर भोवतालच्या प्रसंगांवर पसरत जाऊन त्यांना दुसरा अर्थ देतो. पहिल्या ११ अंकांच्या अखेरीस आत्मचरित्राची प्रकरणे, लेख, मुलाखती असा काल्पनिक दस्तऐवज जोडलेला आहे.

चित्रपट : दिग्दर्शक झॅक स्नायडर, लांबी १६२ मिनिटे. त्यापूर्वी टेरी गिल्यम यांनी हा विषय हाती घेऊन सोडला होता. अनेक दृश्ये मूळ चौकटी समोर ठेवून घेतली आहेत. शेवट मात्र बदलला : न्यूयॉर्कमध्ये संहार घडवणारा कृत्रिम महाकाय प्राणी वगळून दोष डॉ. मॅनहटन या पात्रावर ढकलला. मूर यांनी आपले नाव घालू दिले नाही. श्रेयनामावलीत गिबन्स आहेत. चाच्यांची कथा स्वतंत्र ॲनिमेशनपट म्हणून निघाली व पुढे २१५ मिनिटांच्या आवृत्तीत गुंफली गेली.

वाद : एका पक्षाच्या मते चित्रपट मूळबरहुकूम आहे, हेच त्याचे यश. दुसऱ्याच्या मते चौकटी आल्या, पान आले नाही : वाचक एका चौकटीवर हवा तितका रेंगाळतो, मागे वळतो, चित्रगृहात वेग दिग्दर्शक ठरवतो. स्नायडर यांची मंदगती दृश्ये ही उणीव भरतात की वाढवतात, यावर दुमत आहे. बदललेल्या शेवटाबाबतही एकमत नाही.



दूरचित्रवाणी : एचबीओ, २०१९, नऊ भाग. कथा मूळ चित्रकथेनंतरची. वगळलेला प्राणी येथे परततो.