हुंडीच्या मुदतीतून निघालेली सुट्टी

महाराष्ट्र शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढते. आपण तिच्यातल्या तारखा पाहतो आणि कोणता सण रविवारी आला म्हणून हळहळतो. त्या यादीच्या डोक्यावर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचा हवाला असतो, तिकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तो कायदा आहे वचनचिठ्ठ्या, धनादेश आणि विनिमयपत्रांचा, म्हणजे आपल्या हुंडीच्या विलायती भाऊबंदांचा. गणेश चतुर्थीची सुट्टी देणेकऱ्यांच्या कायद्यात कशी शिरली, हे पाहायचे तर आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला जावे लागेल.

तिथल्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये पूर्वी संतांचे दिवस आणि धार्मिक सण मिळून वर्षाला सुमारे ३३ सुट्ट्या असत. १८३४ मध्ये त्या कापून चारच ठेवल्या गेल्या: १ मे, १ नोव्हेंबर, गुड फ्रायडे आणि नाताळ. त्याच वर्षी ३० एप्रिलला, एका पेढीवाल्या घराण्यात, जॉन लबक जन्मला. वडील बँकर आणि खगोलगणितीही. १८४२ मध्ये केंटमधल्या डाउन गावी चार्ल्स डार्विन राहायला आला आणि शेजारच्या या मुलाला निसर्गनिरीक्षणाचा गुरू लाभला. ईटनचे शिक्षण अर्धवट सोडून पंधराव्या वर्षाच्या सुमारास लबक पेढीवर बसला, तरी त्याची जिज्ञासा खतावणीत मावणारी नव्हती. १८६५ च्या आपल्या ग्रंथात त्याने अश्मयुगाचे पुराणाश्मयुग आणि नवाश्मयुग असे दोन भाग पाडले. मुंग्या पाळून त्यांच्या वागण्याच्या नोंदी केल्या. एव्हबरीच्या प्राचीन शिलावर्तुळावर घरे उठू नयेत म्हणून तिथली जमीन विकत घेतली. फावल्या वेळात काय काय घडू शकते, याचा तो स्वतःच चालता-बोलता दाखला होता.

१८७० मध्ये तो मेडस्टोनमधून पार्लमेंटात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने बँक हॉलिडे कायदा मंजूर करून घेतला. खरी अडचण पेढीवाल्यालाच ठाऊक असणारी होती. मुदत भरलेले विनिमयपत्र घेऊन कोणी दारात आला आणि पेढीला कुलूप दिसले, तर तिची पत गेलीच. म्हणून कायद्याने ठरवून दिले, की ठरावीक दिवशी मुदत भरली तर रक्कम दुसऱ्या दिवशी देय होईल. इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडसाठी असे दिवस नेमले ते ईस्टर सोमवार, व्हिट सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि २६ डिसेंबर. स्कॉटलंडची यादी निराळी होती. नाव बँकांचे असले तरी त्यांच्यामागोमाग इतर व्यवहारही थंडावले, आणि लोक ऑगस्टच्या त्या सोमवारला कौतुकाने ‘संत लबकचा दिवस’ म्हणू लागले. संतांचे दिवस १८३४ मध्ये बँकेतून हद्दपार झाले होते. आता एका बँकरच्याच नावे नवा संत उभा राहिला. पुढे १८८६ मध्ये त्याने दुकानांतल्या अठरा वर्षांखालील नोकरांच्या कामाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा घालून घेतली. १९०० मध्ये तो लॉर्ड एव्हबरी झाला, १९१३ मध्ये वारला. त्याचा सुट्टीचा कायदा मात्र पुरी शंभर वर्षे टिकला. १९७१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

लबकच्या कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंदुस्थानात १८८१ चा अधिनियम आला. सुट्टीची व्याख्या इथेही मुदतीच्याच पोटात बसली, पण एक फरक राहिला. लबकने देणेकऱ्याला एक दिवस वाढवून दिला होता. आपल्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने सार्वजनिक सुट्टीला भरणारी मुदत आधीच्या कामकाजाच्या दिवसावर ओढली. रविवार आणि सरकारने राजपत्रात जाहीर केलेले दिवस, हे सारे त्या कलमाने सुट्टीत धरले. गिरणी कामगारांचा रविवार मात्र वेगळ्या वाटेने आला. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी तो मान्य केला. आजच्या अधिसूचनेत १ मे हा महाराष्ट्र दिन म्हणून येतो, ईदही येते, दिवाळीही येते. आपण आनंदाने कुलूप लावून गावी निघतो. कायद्याच्या लेखी मात्र त्या दिवसाचे देणे आदल्या दिवशीच चुकते करायचे असते.